बादलीभर वाफ

त्या दिवशी दुपारी पावणेबाराला आमच्या यार्डात वीस हजार लिटरचा एक टँकर चेपला. कशालाही न धडकता, उभ्या जागी. रिकामा कागदी पेला मुठीत चुरगळावा तसा. मी तेव्हा बॉयलरच्या खोलीत होते.

आधी आमचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे टँकर धुतात. कुणी खाद्यतेल वाहून आणलेलं असतं, कुणी साखरेचा पाक, कुणी गोंद. माल उतरवला की टँकर आमच्या दारात. तेल गार झालं की टाकीच्या भिंतीला मेणासारखं बसतं. नुसतं पाणी मारून ते ढिम्म हलत नाही, त्याला वाफच लागते. मी बॉयलर सांभाळते, त्याची परीक्षा दिली आहे, माझं प्रमाणपत्र खोलीत टांगलेलं आहे. मी वाफ करायची आणि माझ्या नवऱ्यानं ती नळीनं टाकीत सोडायची, असं आमचं एकोणीस वर्षं चाललंय. दोन तास वाफ दिली की सगळं वितळून खालच्या नळानं वाहून जातं. मग टाकी गार होऊ द्यायची. मग हे गमबूट शिडीखाली काढून, टॉर्च घेऊन वरच्या झाकणातून आत उतरतात, भिंतीवरून बोट फिरवतात आणि आतूनच ओरडतात, "पास!" तो आवाज टाकीतून असा घुमत येतो की नवा ड्रायव्हर दचकतोच.

तीन महिन्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ आमच्या हाताखाली आला. त्याला सगळे बारक्या म्हणतात. चौतीस वर्षांचा आहे आणि दारातून वाकून यावं लागतं, पण लहानपणी पडलेलं नाव कुठे पुसतं? खोकी बनवायच्या कारखान्यात होता, तो बंद पडला. जीभ सैल, पण हात चलाख. पहिल्याच दिवशी ह्यांनी त्याला शिकवलं, "वाफ झाली की झाकण उघडं ठेवायचं. वास जाईपर्यंत."

"आणि एखाद्याला वास आवडत असला तर, भाऊजी?"

"तर त्यानं डोकं आत घालून बसावं."

एवढंच शिक्षण. ह्यांना त्यांच्या उस्तादानं असंच शिकवलं होतं, ह्यांनी त्याला तसंच शिकवलं.

त्या दिवशी तेलाचा टँकर होता. ड्रायव्हर घाईत होता, दुपारी दुसरीकडे माल भरायचा होता. त्यात शेजारचा रस्ता खणायला घेतलेला, धुळीचे लोट नुसते. साडेअकराच्या सुमारास ह्यांनी वाफेची नळी काढली. झाकणाचं रबर फाटलंय हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणून नवीन आणायला ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. जाताना मला काही बोलले नाहीत. दहा मिनिटांचं काम, कशाला सांगायचं?

बारक्या मागे राहिला. त्यानं पाहिलं, धूळ उडून उघड्या झाकणातून आत चाललीय. दोन तास खपून चकचकीत केलेली टाकी! त्यानं विचार केला, वास काय, नंतरही जाईल, धूळ मात्र पुन्हा धुवावी लागेल. तो वर चढला, झाकण लावलं, चारही बोल्ट आवळले. फाटक्या रबरातून धूळ शिरू नये म्हणून झाकणाच्या कडेनं ओलं फडकं ठासून बसवलं. खाली येऊन खालचा नळही बंद केला. आणि ड्रायव्हर म्हणाला म्हणून गार पाण्याचा पाइप घेऊन टँकर बाहेरून धुवायला लागला. माणूस कामचुकार असता तर यातलं काहीच झालं नसतं.

मी काटा पाहून वहीत दाब लिहीत होते. एकदम पायाखालची फरशी हादरली. आवाज फुटल्यासारखा नव्हता. काहीतरी प्रचंड एका घोटात गिळल्यासारखा होता. धुम्म! खिडकीची काच निखळून पडली. बॉयलरवाल्या माणसाला असा आवाज आला की आधी स्वतःचा जीव चाचपावा लागतो. मी बॉयलरकडे पाहिलं. बॉयलर आपला शांत, काटा जागच्या जागी. म्हणून मी बाहेर पळाले.

मी जे पाहिलं ते माझ्या डोळ्यांना पटेना. टँकरची चाकं तशीच, ड्रायव्हरची केबिन तशीच. मधली टाकी मात्र आत गेलेली. दोन्ही बाजूंचा जाड पत्रा मधोमध एकमेकांना टेकलेला, वरचा भाग घोड्याच्या पाठीसारखा खाली वाकलेला. बारक्या तिथेच उभा होता. हातात पाइप, पाइपातून पाणी चालू, ते त्याच्याच पायावर पडतंय आणि त्याला पत्ता नाही. ड्रायव्हर केबिनमध्ये डुलकी काढत होता, तो दार उघडून खाली कोसळलाच.

आणि मग मला शिडीखाली ह्यांचे गमबूट दिसले.

"हे कुठेत?" मी विचारलं.

बारक्यानं माझ्याकडे पाहिलं. हातातला पाइप खाली टाकला.

"बारक्या, तुझे भाऊजी कुठेत?"

"मला... मला वाटलं, ते तुझ्याकडे आहेत."

"बूट इथे आहेत!"

आमच्या डोक्यात एकाच वेळी एकच गोष्ट आली. हे आत उतरले असणार, आणि ह्यानं वरून झाकण लावलं. मी शिडी चढले. कशी चढले, माहीत नाही. झाकण वाकडं होऊन त्याच्या कड्यात रुतलं होतं. मी मुठींनी पत्रा बडवला, नावानं हाक मारली. लग्नाला तेवीस वर्षं झाली, मी ह्यांना कधी नावानं हाक मारली नव्हती. आतून काही नाही. बारक्या दुसऱ्या बाजूनं हातोडा मारत होता आणि "भाऊजी, भाऊजी" करत होता. ड्रायव्हर धावत गॅस कटरवाल्याला बोलवायला गेला. मी त्या वाकलेल्या पत्र्याला कान लावला. पत्रा गार होता. मघापर्यंत हात लावता येत नव्हता इतका तापलेला, आणि आता गार. हे माझ्या लक्षात आलं, पण त्या घटकेला त्याचं काय करायचं?

"अगं, काय झालं?"

आवाज खालून आला. मी वळून पाहिलं. फाटकातून हे येत होते. पायात रबरी चपला, गळ्यात हारासारखं नवं कोरं रबर.

मी खाली उतरले आणि ह्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी मारत सुटले. काय बोलले ते आठवत नाही. हे म्हणतात, मी एकच वाक्य बोलत होते, "बूट का काढले? बूट का काढले?" बूट आतून ओले झाले होते म्हणून काढले होते. त्या दिवसापासून हे दुकानात जाताना मला सांगून जातात. कोपऱ्यावर गेले तरी.

बारक्या तिकडे टँकरच्या चाकाशी बसून ओकत होता.

यार्डाचे मालक आले तोपर्यंत फाटकात पन्नास माणसं जमली होती. मालकांनी टँकरला एक फेरी मारली, दुसरी मारली आणि बारक्यासमोर उभे राहिले.

"कशानं ठोकलास?"

"ठोकलं नाही. पाणी मारत होतो."

"पाण्यानं टँकर चेपतो?"

"मी फक्त पाणी मारलं, मालक."

"माझी गाडी रोज पाण्यानं धुतात. ती अजून कशी शाबूत आहे?"

गर्दीतलं कुणीतरी हसलं. माल चढवायची मोठी मशीन तिथून वीस पावलांवर उभी होती. तीच ह्यानं चालवून पाहिली असणार, असं सगळ्यांचं एकमत झालं. तिची किल्ली मालकांच्या कपाटात होती, पण गर्दीला किल्लीशी काय करायचंय? ह्यांनी त्याची बाजू घेतली, पण काय म्हणून घेणार? ह्यांनाही कळत नव्हतं. "मुलगा खोटं बोलत नाही," एवढंच हे म्हणत राहिले. मालक म्हणाले, "उद्या विम्याचा माणूस येतोय. तोवर आठवून ठेवायला सांगा त्याला."

संध्याकाळी बारक्या आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसला होता. बोलला ते इतक्या हळू की मला गॅस बारीक करावा लागला.

"ताई, मी खरंच काही धडकवलं का गं?"

"वेडा आहेस का?"

"तेच विचारतोय. पत्रा असा आपोआप कसा जाईल? सगळे म्हणतात तसंच असेल. मी ठोकलं असेल आणि मला आठवत नसेल."

मला त्या टँकरपेक्षा ह्याची जास्त भीती वाटली. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुपारचे डबे कुणी उघडले नव्हते. निदान त्याला चार घास खायला घालावे म्हणून मी त्याचा स्टीलचा डबा घेतला. झाकण निघेना. सकाळी वाफाळतं जेवण भरून घट्ट बंद केलेलं, आता ते असं बसलेलं की नख शिरेना. हे म्हणाले, "जरा गॅसवर धर. सुटेल." सगळ्या घरांत हेच करतात. मीही धरला. मिनिटभरात झाकण टक्कन सुटलं.

मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"झाकण कुणी धरून ठेवलं होतं?"

"म्हणजे?"

"आत काही गोंद नाही. मग गार असताना कुणी धरलं होतं आणि गरम केल्यावर कुणी सोडलं?"

बॉयलरच्या परीक्षेत मला साहेबांनी विचारलं होतं, एक लिटर पाण्याची किती लिटर वाफ होते? मी धाडकन उत्तर दिलं होतं, सोळाशे-सतराशे लिटर. शाबासकी मिळाली, पास झाले. वाफ गार झाली तर तिचं किती पाणी होतं आणि उरलेल्या जागेत काय राहतं, हा उलटा प्रश्न मला कुणी विचारला नाही. मीही स्वतःला विचारला नाही. एकोणीस वर्षं मी वाफेवर पोट भरतेय!

माळ्यावर तेलाचा पाच लिटरचा रिकामा पत्र्याचा डबा होता, फिरकीच्या झाकणाचा. तो काढला. आत कपभर पाणी घातलं आणि झाकण न लावता गॅसवर ठेवला. पाणी उकळलं, तोंडातून वाफेचा जाड झोत निघायला लागला. चांगली पाच मिनिटं निघू दिली. आतली हवा सगळी बाहेर जाऊन नुसती वाफ उरली असेल, असा अंदाज आल्यावर गॅस बंद केला, फडक्यानं धरून झाकण घट्ट पिळलं आणि डबा मोरीत ठेवला.

"बारक्या, ऊठ. पाणी मार."

"नको, ताई."

"मार म्हणते ना!"

त्यानं तांब्याभर गार पाणी डब्यावर ओतलं. क्षणभर काही झालं नाही. मग डबा कण्हला. खरंच कण्हला. आणि आमच्या डोळ्यांदेखत, कुणाचं बोटही न लागता, चारही बाजूंनी आत गेला. कडा पिळवटल्या आणि डबा आडवा पडला. हे दोन पावलं मागे सरकून कपाटावर आदळले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, काय पडलं?

 एवढंसं पाणी, एवढासा डबा, आणि अंगावर काटा असा की बसेना.

"म्हणजे मी वेडा नाही," बारक्या म्हणाला. त्याचा चेहरा फुलला. आणि लगेच विझला. "पण म्हणजे मग मीच केलं."

ह्यांनी तो चेपलेला डबा उचलला, उलटसुलट करून पाहिला. "तू नाही. मी तुला वासाचं सांगितलं. वास जाईपर्यंत उघडं ठेव म्हणालो. टँकर चेपेल म्हणून उघडं ठेव असं म्हणालो असतो, तर तू लावलं असतंस का?"

"छे."

"मग?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच हे उस्तादांकडे गेले. उस्ताद आता अंथरुणावर असतात, पण डोकं शाबूत आहे. ह्यांनी चेपलेला डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं. म्हातारा बराच वेळ डब्यावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला माझ्या उस्तादानं वासच सांगितला होता रे." आणि थोड्या वेळानं, "किती वेळा पावसात उघडं ठेवायला कंटाळा केला असेल मी. नशीबच म्हणायचं." परत आल्यावर हे म्हणाले, चार पिढ्या आम्ही मरणाच्या दारात उभं राहून नाकाला रुमाल लावत होतो.

विम्याचा माणूस दहाला आला. बारीक, चष्मेवाला, हळू बोलणारा. मालक त्याला मशीनची गोष्ट सांगणार, एवढ्यात मी म्हटलं, "साहेब, पाच मिनिटं थांबा." दोनशे लिटरचं एक पिंप मी आधीच वाफेनं भरून तयार ठेवलं होतं. तोंड बंद केलं, सगळ्यांना लांब उभं केलं आणि ह्यांनी पाइप सोडला. पिंपाचा जो आवाज झाला, त्यानं मालकांच्या हातातला चहा त्यांच्याच शर्टावर गेला. चष्मेवाला मात्र हलला नाही. त्यानं फक्त मान डोलावली, जसं काही ओळखीचं माणूस भेटलं.

"हवा," तो म्हणाला. "बाहेरची हवा. दाराएवढ्या पत्र्यावर ती वीस टनांनी रेटत असते."

"मग आपण कसे चेपत नाही?" मालकांनी विचारलं. आवाज अगदी शाळकरी मुलासारखा झाला होता.

"आपल्या आतूनही तितकाच रेटा असतो. टाकीच्या आत वाफ होती, तोवर तीही रेटत होती. गार पाण्यानं तिची उष्णता काढून घेतली, वाफेचं पाणी झालं, आत रेटायला कुणी उरलं नाही."

मग तो टँकरवर चढला. टाकीच्या डोक्यावर एक छोटी झडप असते. आत हवा कमी पडली की ती आपोआप उघडून बाहेरची हवा आत घेते. त्यानं ती खोलली आणि खाली आणून सगळ्यांना दाखवली. जुनं तेल तिच्यात गोठून दगड झालं होतं. आमची वाफ तिथवर पोचतच नव्हती, आणि टँकरवाल्यानं वर्षानुवर्षं ती साफ केली नव्हती. "ही उघडली असती, तर तुमचा मुलगा नुसती शिट्टी ऐकून घाबरला असता," तो म्हणाला. मालकांनी बारक्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "जा, जेवून घे." माफी मागायची त्यांची हीच पद्धत. सकाळचे साडेदहा वाजले होते.

आठ दिवसांनी टँकर भंगारात जायचा होता, म्हणून कटरवाला आला. त्यानं आधी खालच्या बाजूनं नळ मोकळा केला. चष्मेवाल्यानं मला सांगून ठेवलं होतं, म्हणून मी खाली बादली लावली. पाणी आलं. नितळ, थंड, तेलाचा एक डाग नाही. बादली भरत आली आणि धार थांबली. थेंब, थेंब, संपलं.

बारक्या बादलीकडे बघत राहिला. "वीस हजार लिटरची टाकी भरून वाफ होती ना?"

"हो."

"आणि तिचं एवढंच झालं?"

"एवढंच."

तो उकिडवा बसला आणि त्यानं पाण्यात हात घातला. 

तो नोकरी सोडेल असं मला वाटलं होतं. नाही सोडली. पण आता त्याला काहीही सांगितलं की तो विचारतो, का? हा नळ आधी का? ही नळी तांब्याची का? इतक्यांदा का, का करतो की यार्डात त्याचं नाव काका पडलंय. सत्तरीचा पहारेकरीही त्याला काका म्हणतो आणि तो चिडतो.

परवा बॉयलरच्या खोलीत आला आणि वर बोट दाखवून म्हणाला, "ताई, ती वरची झडप का असते?"

"दाब फार वाढला तर वाफ बाहेर सोडायला."

"आणि तीही त्या टँकरच्या झडपेसारखी चिकटून बसली असेल तर?"

 मी हातमोजे घातले आणि शिडी घेऊन झडप तपासायला वर चढले.